फोर्टमधल्या हायकोर्टात न्यायदान चालू राहू द्या

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय,
मा. मुख्यमंत्री आणि मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीच्या जागेवर मुंबई उच्च न्यायालयाचं नवं संकुल होत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. हे व्हायलाच हवं होतं, हे मी आधीच सांगून टाकते. १८६२ मध्ये हे न्यायालय स्थापन झालं तेव्हा त्याचे न्यायाधीश सात होते. आज सगळी खंडपीठं मिळून मंजूर पदं ९४ आहेत. फोर्टमधल्या इमारतीत कामाच्या दिवशी एक फेरी मारली तरी अडचण दिसते. वकील दाटीवाटीने उभे असतात, गावाहून आलेला पक्षकार बसायला बाक शोधत असतो आणि मिळेल त्या कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे रचलेले असतात. तेव्हा नव्या जागेला विरोध करण्यासाठी हे पत्र नाही.

पत्र आहे ते मागे राहणाऱ्या इमारतीसाठी. मी वास्तुकला शिकवते. ओव्हल मैदानाच्या कडेने उभ्या असलेल्या त्या ओळीतल्या इमारती विद्यार्थ्यांना दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं मागणं एका वाक्यात मावतं: उच्च न्यायालयाचा मोठा भाग वांद्र्याला गेला, तरी फोर्टच्या इमारतीत न्यायालयच चालावं. तिथे हॉटेल नको, महामंडळाची कचेरी नको, आणि काचेच्या पेट्या मांडलेलं नुसतं संग्रहालयही नको. असं का म्हणते, ते जरा सविस्तर सांगू द्या.

ही इमारत जिथे आहे तिथे पूर्वी इमारतीच नव्हत्या. किल्ल्याचा तट आणि त्यापुढचं मोकळं मैदान होतं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. त्या मोकळ्या पट्ट्यावर सरकारने ओळीने सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. दक्षिणेकडून चालत निघालं की आधी जुनं सचिवालय, मग विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, मग हायकोर्ट आणि शेवटी सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता. ओव्हलच्या पलीकडच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती ज्या जमिनीवर आहेत, ती भर घालून तयार झाली ती विसाव्या शतकात. म्हणजे १८७८ मध्ये हायकोर्टाच्या पश्चिमेच्या व्हरांड्यात उभं राहिलेल्या माणसाच्या अंगावर थेट खारा वारा येत असणार. इमारत त्या वाऱ्यासाठीच आखलेली आहे.

आखली कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांनी. ते लष्करी अभियंता होते. १ एप्रिल १८७१ रोजी काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. मंजूर अंदाज होता १६,४७,१९६ रुपयांचा, खर्च झाला १६,४४,५२८ रुपये. सात वर्षं चाललेलं सरकारी काम अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी खर्चात पुरं झालं. ही नोंद बांधकाम विभागाने आपल्या प्रत्येक नव्या अभियंत्याला दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. १० जानेवारी १८७९ रोजी इथे पहिल्यांदा न्यायालय भरलं. त्याआधीची वर्षं उच्च न्यायालयाने अपोलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत काढली होती.

लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, मधला भाग पावणेदोनशे फुटांच्या घरात. शैली इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या गॉथिकची: टोकदार कमानी, उतरती छपरं, मनोरे. भिंतींना बाहेरून निळसर काळा बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. कोरीवकामासाठी पोरबंदरचा फिकट, मऊ दगड. पश्चिमेच्या दर्शनी भागावर दोन अष्टकोनी मनोरे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. एकटा न्याय पुरत नाही, शेजारी दया लागते, हे ज्याने ठरवलं त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

पण विद्यार्थ्यांना मी आधी मूर्ती दाखवत नाही. आधी वाटा दाखवते. मनोऱ्यांतले गोल जिने न्यायाधीशांसाठी आहेत. लोकांसाठीचा मोठा जिना पूर्वेला आहे. न्याय देणारा आणि न्याय मागणारा वेगवेगळ्या वाटांनी चढतात आणि थेट न्यायदालनातच समोरासमोर येतात. आज न्यायालयाच्या कुठल्याही नव्या इमारतीचा आराखडा करताना हाच नियम पहिला पाळतात. फुलर यांनी तो दीडशे वर्षांपूर्वी दगडात बसवला. आणि दुसरं, व्हरांडे. दालनांच्या बाहेरून कमानींचे रुंद, उंच, उघडे व्हरांडे गेलेले आहेत. ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही, पावसाची झड आत येत नाही, वारा मात्र येतो. विजेचे पंखेही नव्हते तेव्हा ही दालनं अशीच चालली. न्यायालयात येणाऱ्या माणसाचा निम्म्याहून जास्त वेळ वाट बघण्यात जातो, आणि ती वाट बघायला या इमारतीने उजेडाची, वाऱ्याची, मोठी जागा दिली आहे. आपल्याकडे अलीकडे बांधलेल्या कितीतरी न्यायालयांत दालनं चकाचक असतात, पण बाहेरच्या बोळात दिवसाही दिवे लावावे लागतात. वांद्र्याच्या आराखड्यात लोकांच्या बसण्याचा विचार कसा केला आहे, तेही यानिमित्ताने पुन्हा एकदा पाहावं ही विनंती.

खांबांच्या माथ्यांवर प्राणी कोरलेले आहेत. त्यांत एक माकड आहे. एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, आणि तराजू कललेला. कोल्हेही आहेत, गळ्यात वकिलांचे बँड, म्हणजे पांढऱ्या पट्ट्या, घातलेले. बांधकामात वाद होऊन दावा हरलेल्या एका पारशी कंत्राटदाराने राग असा काढला, अशी आख्यायिका वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ते माकड तिथे आहे, आणि न्यायालयाने ते काढून टाकलेलं नाही. आपल्यावरची टीका आपल्याच भिंतीवर दीडशे वर्षं राहू देणं ही लहान गोष्ट नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट वर मधल्या न्यायदालनाच्या बाहेर आहे. दालन क्रमांक ४६. जुलै १९०८ मध्ये इथे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दिनशा दावर होते. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः, दिवसच्या दिवस मांडली. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांच्या आणि राष्ट्रांच्या नशिबावर याहून वरच्या शक्तीची सत्ता चालते, अशा अर्थाचे त्यांचे शब्द त्या दालनात उच्चारले गेले. मंडाले त्यानंतरचं. गिरण्यांमधल्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं.

१९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याच दालनाबाहेर टिळकांच्या त्या शब्दांची संगमरवरी पाटी लावली. ज्याला शिक्षा ठोठावली त्याचेच शब्द न्यायालयाने आपल्या दारावर कायमचे लावले. असं करणारं न्यायालय मला दुसरं माहीत नाही. त्या पाटीसमोर रोज वकील, पक्षकार, शिपाई ये-जा करतात, आणि पाटीचं बळ त्यातच आहे. आत रोज कुणालातरी न्याय मिळतो किंवा नाकारला जातो, आणि दाराबाहेर ते शब्द आहेत. दालन बंद करून दोरी बांधली आणि तिकीट लावलं, की त्या शब्दांचा आतल्या कामाशी संबंध तुटेल.

टिळकांच्याच बाबतीत आणखी एक सांगण्यासारखं आहे. १९१६ मध्ये पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला होता. त्या वर्षी नोव्हेंबरात याच न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो आदेश रद्द केला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे होते. शिक्षा देणारी आणि सोडवणारी इमारत एकच.

आणि या भिंतींवर टिळकांइतकाच हक्क रखमाबाईंचा आहे. लहानपणी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. मग अपील झालं, प्रकरण फिरून आलं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, आणि संमतिवयाच्या कायद्याचा वाद देशभर पेटला. केसरीने तेव्हा रखमाबाईंवर झोड उठवली होती. टिळक आणि रखमाबाई, दोघांचाही इतिहास एका छपराखाली आहे, आणि तो सोपा इतिहास नाही. म्हणूनच तो नीट सांगितला पाहिजे.

महाडचं प्रकरणही इथलंच. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्यानंतर स्पृश्यांनी त्यांच्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला, तो महाडहून ठाण्याला आणि तिथून उच्च न्यायालयात आला, आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी तळं अस्पृश्यांना बंद ठेवण्याची प्रथा स्पृश्यांना सिद्ध करता आलेली नाही असा निकाल दिला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. सत्याग्रह आणि निकाल यांच्यात दहा वर्षं गेली. ज्या न्यायालयात बाबासाहेब स्वतः वकिली करत होते, तिथेच हा निकाल लागला. महाडला दरवर्षी लाखो लोक जातात. त्यांतल्या कुणालाही मुंबईत आल्यावर या इमारतीत येऊन तो निकाल मराठीत वाचता यावा, असं तुम्हाला वाटत नाही का?

न्यायालयं जुन्या इमारतींतून नव्या इमारतींत जातात. आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं माझ्यासमोर आहेत आणि दोन्ही माझ्या बाजूची आहेत. पहिलं कोल्हापूरचं. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला नव्या संकुलात गेलं आणि सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी इमारत मागे राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, ते त्याच जुन्या इमारतीत. जिल्ह्याचं न्यायालय जिथून गेलं, तिथे दुरुस्ती करून थेट उच्च न्यायालय येऊन बसलं. दुसरं उदाहरण हायकोर्टाच्याच ओळीतलं. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी बांधलेलं जुनं सचिवालय. मंत्री आणि सचिव नव्या इमारतीत गेले, आज जिला आपण मंत्रालय म्हणतो तिथे, आणि जुन्या सचिवालयात शहर दिवाणी व सत्र न्यायालय आलं. ते आजही तिथेच आहे, आणि गर्दीने ओसंडून वाहतं आहे. उच्च न्यायालयातून मोकळी होणारी दालनं तिथून चालत गाठता येतात. वर्षानुवर्षं तारखा पडणाऱ्या शहर दिवाणी दाव्यांसाठी तयार न्यायदालनं, तीही मंच, साक्षीदाराचा पिंजरा, वकिलांची मेजं यांसकट, आणखी कुठे मिळणार?

उलट उदाहरणही जवळच आहे. काळा घोड्याचं एस्प्लनेड मॅन्शन, जुनं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून १८६० च्या दशकाच्या शेवटी उभं केलेलं. पुढे तिथे वकिलांची चेंबरं होती. दुरुस्ती कुणी करायची यावरून वर्षं गेली, २००५ मध्ये एक भाग कोसळला, आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. इमारत वापरात असली की गळती दिसते, कुणीतरी तक्रार करतं, कुणीतरी शिडी लावतं. मुंबईच्या पावसात रिकाम्या इमारतीला दोन पावसाळे पुरतात. पन्हाळी तुंबतात, सांध्यांत पिंपळ रुजतो, त्याची मुळं दगड उचलतात. म्हणून माझी विनंती आहे की फोर्टची इमारत एक पावसाळासुद्धा रिकामी राहू नये. वांद्र्याचं काम टप्प्याटप्प्याने पुरं होणार असेल, तर इथली दालनंही टप्प्याटप्प्यानेच हलवावीत, आणि ज्या दिवशी एक दालन रिकामं होईल त्या दिवशी तिथे पुढे कोण बसणार हे आधीच ठरलेलं असावं.

दुरुस्तीबद्दलही बोलायला हवं, कारण सार्वजनिक बांधकाम खातं हे पत्र वाचणार आहे. हे बांधकाम चुन्याचं आहे. चुना ओलावा घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट फासलं की ओल आतच अडकते, क्षार दगडातून बाहेर येतात आणि पोरबंदरचा दगड पापुद्र्यांनी सुटतो. हे मी नव्याने सांगत नाही, खात्यातल्या जाणत्या अभियंत्यांना ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे. अडचण निविदेची आहे. सगळ्यात कमी दराची निविदा स्वीकारायची, हा नियम रस्त्याच्या डांबरीकरणाला चालत असेल, पण झिजलेला खांबमाथा पुन्हा कोरायला नाही. चुन्याचं आणि दगडाचं काम जाणणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. त्यांना दरवर्षी थोडं थोडं, सलग काम मिळालं पाहिजे. या ओळीतल्या पाचही इमारतींसाठी मिळून एक कायमचं पथक नेमावं, त्याचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या ९४ इमारतींचा हा समूह जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, तेव्हा शासनाने त्याच्या जपणुकीची हमी जगाला दिली. ही हमी पाळायची तर त्यासाठी पैसा असा वेगळा काढून ठेवावा लागेल.

न्यायालय हलवण्याआधी एक काम मात्र तातडीने सुरू करता येईल. प्रत्येक दालनाची मोजमापं, रेखाचित्रं आणि छायाचित्रं घेऊन पूर्ण नोंद करा. सागवानी मंच, कठडे, ज्यूरीचे बाक, दारांची कुलपं, पायऱ्यांवरचे घडीव दगड, सगळं. जुनं सामान अशा स्थलांतराच्या वेळीच हरवतं. कुणाच्या कचेरीत शोभेला जातं, काही भंगारात जातं. फोर्टच्या दालनांसाठी बनवलेलं फर्निचर फोर्टमध्येच राहावं, वांद्र्याला नवं घ्यावं. नोंदीच्या कामाला मुंबईतल्या वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी आनंदाने येतील. माझे तर नक्की येतील.

राहिला प्रश्न लोकांचा. २०१५ पासून तळमजल्यावर एक छोटं संग्रहालय आहे, ते चांगलं आहे. पण रखमाबाई, १९१६ चं अपील, चवदार तळ्याचा निकाल, हे ज्या इमारतीत घडलं तिथे व्हरांड्यातून चालताना मराठीतून वाचायला मिळावं, त्यासाठी खास परवानगी लागू नये. न्यायालय चालू असतानाही दालन क्रमांक ४६ मध्ये मागच्या बाकांवर बसून कामकाज ऐकायचा नागरिकाला हक्क आहेच. शाळांच्या सहलींना तो वापरता येईल अशी सोय व्हावी. आठवीतल्या मुलाने टिळकांची पाटी वाचावी आणि आत जाऊन आजचा एखादा खरा युक्तिवाद ऐकावा. ज्या रस्त्यावर ही इमारत आहे त्याला भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं नाव आहे. ते याच न्यायालयात वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. काणे कोण, असं त्या मुलाने विचारलं तर उत्तर देणारं कुणीतरी तिथे असावं.

फोर्टच्या इमारतीत पुढे कोणतं न्यायालय बसणार, दुरुस्ती कोण करणार आणि पैसा कुठून येणार, याचा लेखी आराखडा न्यायालय आणि शासन यांनी मिळून मराठीत प्रसिद्ध करावा आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्यात. वांद्र्याच्या दालनांत पहिलं कामकाज सुरू होण्याच्या आत हे व्हावं.

कळावे,
आपली,
मुंबईतली एक वास्तुकला-शिक्षिका